बरामदा कोणाचा?

बदलीच्या नोकरीत नवे गाव प्रथम कळते ते त्याच्या बाजारातून. कचेरी सगळीकडे सारखीच असते. तीच टेबले, त्याच फायली, चहाची तीच वेळ. सरकारी वसाहतीही एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा असतात. परंतु बिऱ्हाड लावण्यासाठी दोरी, खिळे, केरसुणी आणि पोळपाट-लाटणे घ्यावयास आपण बाहेर पडलो, म्हणजे त्या गावाची बोली, रीत आणि स्वभाव यांची पहिली ओळख होते. आपणांपैकी ज्यांनी चार प्रांतांत बिऱ्हाडे हलविली आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको.

जयपुरास आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही त्रिपोलिया बाजारात भांडी घ्यावयास गेलो आणि भांडी विसरून बाजारच पाहत राहिलो. आम्ही सातारा जिल्ह्यातील आठवडी बाजाराच्या गावात वाढलेले. ज्याला जेथे जागा मिळेल तेथे त्याने पथारी पसरावी, मिरचीच्या ढिगाशेजारी बांगड्यांची पेटी आणि तिच्याशेजारी बैलांच्या घुंगुरमाळा असाव्यात, हेच आम्ही बाजार म्हणून ओळखीत आलो. येथे मात्र दुकानांची ओळ आखल्यासारखी सरळ, कमानी एका मापाच्या, भिंतींना एकच रंग. लोक त्याला गुलाबी म्हणतात, पण आमच्या डोळ्यांस तो गेरूच्या जवळचा वाटला. दुकानांच्या पुढून खांबांवर तोललेली एक लांबच लांब ओसरी चाललेली. तिला इकडे बरामदा म्हणतात. बाहेर वैशाखाचे ऊन भाजत असता या ओसरीतून सावलीने चालत जाता येते. ज्याने कोणी हे योजिले असेल त्याला आम्ही त्या दिवशी मनोमन नमस्कार केला.

हा बाजार आपोआप वाढलेला नव्हे. तो आधी मनात आणि कागदावर उभा राहिला, मग जमिनीवर. सवाई जयसिंहांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या शहराचा पाया घातला. शहराची आखणी ज्यांच्या नावे सांगितली जाते ते विद्याधर भट्टाचार्य बंगाली घराण्यातले होते आणि आंबेरच्या दरबारात हिशेब तपासणाऱ्या कचेरीत दुय्यम हुद्द्यावर नोकरीस होते. हे वाचले तेव्हा आम्हांस, खरे सांगावयाचे तर, थोडा अभिमान वाटला. परमुलखातून आलेल्या घराण्यातला आणि जमाखर्चाच्या वह्या चाळणारा एक नोकरदार माणूस! आमच्याच पेशाचा म्हणावयाचा.

शहराच्या नऊ चौकड्या पाडण्यात आल्या. त्यांतील दोन राजवाड्यासाठी आणि दरबारच्या कामांसाठी राखून बाकीच्या प्रजेला दिल्या. पूर्वेच्या सूरजपोलापासून पश्चिमेच्या चांदपोलापर्यंत जाणारा मुख्य रस्ता जमिनीच्या उंच धारेवरून नेला, की पावसाचे पाणी दोन्ही बाजूंस उतरून जावे. त्याची रुंदी सुमारे ३३ मीटर. ज्या काळी रस्त्यावर बैलगाडी, उंट आणि पालखी यांखेरीज काही चालत नव्हते त्या काळी ही रुंदी! रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे मोठे चौक ठेवले. त्यांना चौपड म्हणतात. बडी चौपड, छोटी चौपड आणि रामगंज चौपड ही नावे आजही चालू आहेत. या चौपडींच्या मध्यभागी पाण्याची कुंडे होती आणि त्यांत भूमिगत नळांतून पाणी येत असे. पुढे घरोघरी नळ आल्यावर कुंडे बुजली आणि विस्मृतीत गेली. अलीकडे भुयारी मेट्रोसाठी चौपडी खणल्या तेव्हा त्यांचे जुने बांधकाम पुन्हा उजेडात आले. चांदपोल ते बडी चौपड हा मेट्रोचा भुयारी मार्ग २०२० साली सुरू झाला. आम्हांस त्या कुंडांची गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. जवाहीर, कापड, भांडी, धान्य यांच्या क्रयविक्रयाच्या ऐन मध्यावर त्या लोकांनी जी वस्तू ठेवली होती ती विकत मिळत नव्हती.

दुकानांचा आणि घरांचा रस्त्याकडील दर्शनी भाग कसा असावा हे दरबाराने ठरवून दिले होते. मागे आपापला वाडा प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावा. समोरची ओळ मात्र मोडावयाची नाही. रंगाची एकरूपता त्यामानाने पुष्कळ नंतरची. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या भेटीच्या निमित्ताने सवाई रामसिंहांनी शहर या रंगात रंगविले असे सांगतात. आणि २०१९ साली युनेस्कोने या जुन्या शहरास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तेव्हा ही आखणी, चौपडी आणि खांबांच्या ओळींमागे सलग चाललेले हे बाजार यांचाच गौरव झाला.

येथपर्यंत सारे कौतुकाचे झाले. परंतु कौतुकाच्या पोटातच एक प्रश्न आहे आणि तो आम्हांस त्या रविवारी सुचला नव्हता. तो सुचला आमच्या आईमुळे.

गेल्या दिवाळीत आई गावाहून आली. तिचे गुडघे दुखतात. पण बाजार पाहावयाची हौस मोठी. आम्ही तिला सांगानेरी दरवाजापाशी रिक्षातून उतरविले आणि जोहरी बाजाराच्या बरामद्यातून बडी चौपडीकडे चालावयास लागलो. “उन्हाचे भय नाही, गाड्यांचे भय नाही, सावकाश चल,” असे आम्ही मोठ्या ऐटीने तिला सांगितले. वीस पावले गेलो नाही तोच वाट बंद झाली. एका दुकानाचे गठ्ठे बरामद्यात रचलेले होते. खाली रस्त्यावर उतरलो, उभ्या केलेल्या मोटारसायकलींच्या फटीतून पुढे गेलो, पुन्हा वर चढलो. पुढे साड्या नेसविलेल्या पुतळ्यांची रांग. पुन्हा खाली. पुढे एक काउंटर, पुढे जोड्यांच्या खोक्यांची चळत. बडी चौपडीच्या अलीकडे आई एका खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, सात वेळा उतरले मी. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कोणी दुकान मांडले असते तर गावाने चालू दिले असते का रे?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. तेवढ्यात समोरच्या बांधणीच्या दुकानातील वृद्ध मालकांनी तिला पाहिले. ते स्वतः उठले, स्टूल आणले, “माताजी, बैठिए” म्हणून तिला बसविले आणि थंड पाणी दिले. माणूस अत्यंत सालस. आई पाणी पीत होती आणि आमची नजर त्या स्टुलाच्या शेजारी गेली. ज्यांच्यामुळे तिला सातव्यांदा रस्त्यावर उतरावे लागले होते ते गठ्ठे याच दुकानाचे होते.

आम्ही साडी घेतली आणि भीत भीत विषय काढला. त्यांनी राग मानला नाही. उलट, हा प्रश्न आपण अनेकदा ऐकला असून त्याची उत्तरे आपल्यापाशी तयार आहेत, अशा शांतपणे ते बोलले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्या तिन्ही आम्ही घरी घेऊन आलो आणि गेले कित्येक महिने त्यांचाच विचार करीत आहोत. या लेखाचे प्रयोजनही तेवढेच.

त्यांची पहिली गोष्ट अशी : हा बरामदा आमच्या पूर्वजांना विचारून कोणी बांधला नाही. आणि ते खरेच आहे. आज आपण पाहतो ते बरामदे मूळ आखणीइतके जुने नव्हेत. सर मिर्झा इस्माईल हे आधी म्हैसूरचे दिवाण. १९४२ ते १९४६ या काळात ते जयपूर संस्थानचे मुख्यमंत्री होते. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यास आज त्यांच्याच नावाने एम. आय. रोड म्हणतात. पायी चालणाऱ्यांस ऊनपावसात आसरा मिळावा म्हणून त्यांच्या कारकिर्दीत जुन्या बाजारांतील दुकानांपुढे हे बरामदे उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर शहराच्या तटालगत बापू बाजार, नेहरू बाजार हे नवे बाजार वसले तेव्हाही हीच धाटणी ठेवण्यात आली. तेव्हा वृद्ध दुकानदारांचे म्हणणे असे की जयसिंहांनी ओळ आखली, रामसिंहांनी रंग दिला, दिवाणसाहेबांनी ओसरी बांधली; सारे हुकमाने. ज्या गोष्टीस आम्ही कधी संमती दिली नाही तिचे ओझे आमच्या विवेकावर का असावे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लोकशाहीत वाढलेल्या आपल्या मनाला संमतीवाचून लादलेले बंधन खुपते आणि खुपलेच पाहिजे. आपल्या पुण्यातील मंडईची कथा येथे आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या नगरपालिकेने मंडईची मोठी इमारत बांधावयाचे ठरविले तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी त्या खर्चास विरोध केला. हा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणाकडे जावा, असे त्यांचे म्हणणे. विरोध डावलून इमारत उभी राहिली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले आणि पुढे काळाने असा न्याय केला की तीच महात्मा फुले मंडई झाली. जयपुरात १७२७ साली असा विरोध नोंदविण्याची सोय नव्हती. हुकूम सुंदर असला तरी हुकूमच, हे आम्ही मान्य करतो.

तथापि संमती घेतली नव्हती म्हणून लाभ नाकारला जात नाही, ही गोष्ट आपण विसरतो. ज्या ओळीमुळे आणि ज्या रंगामुळे जगभरचा प्रवासी जोहरी बाजारात उतरतो, त्या ओळीचा नफा दुकानदार रोज गल्ल्यात टाकतात. रस्त्याची रुंदी, चौपडीची मोकळीक, पाणी वाहून नेणारा उतार, हे सारे हुकमानेच आले आहे. ते कोणी परत करीत नाही. वारशातील घर घ्यावे आणि वारशातील कर्ज मात्र “आम्हांला विचारून काढले नव्हते” म्हणून नाकारावे, हे कोणत्या धर्मशास्त्रात बसेल? ज्याच्या आरंभास आपण संमती दिली नाही त्याच्या उपभोगाने आपण रोज संमती देत असतो. आणि आज तर हुकूम देणारा राजाही नाही. १९४९ साली राजस्थान झाले. आता बरामद्याचा नियम मोडला तर तो राजाविरुद्ध मोडला जात नाही, गुडघे दुखणाऱ्या एखाद्या म्हातारीविरुद्ध मोडला जातो.

त्यांची दुसरी गोष्ट अधिक खोल होती. ते म्हणाले, “मी एकट्याने गठ्ठे आत घेतले तर काय होईल? शेजाऱ्याचा माल बाहेर दिसेल, माझा दिसणार नाही. गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. वाट तर मोकळी होणारच नाही, कारण पुढची आणि मागची दुकाने तशीच राहतील. मी नुकसान सोसावे, आणि माताजींना सातऐवजी सहा वेळा उतरावे लागावे, एवढाच त्याचा अर्थ.”

या युक्तिवादास हसून चालणार नाही. बरामदे कोणी एका रात्रीत बळकाविले नाहीत. प्रथम कोणी तरी सणाच्या गर्दीत एक फळी बाहेर टाकली असेल. ती सणानंतर आत घ्यावयाची राहिली. शेजाऱ्याने ती पाहून दोन फळ्या टाकल्या. असे वीतवीत करता पन्नास वर्षांत बरामदे इतके भरून गेले की पायी चालणारा पुन्हा उन्हात आणि गाड्यांत जाऊन पडला. या सर्वांत अपराधी कोण, हे बोट दाखवून सांगता येत नाही. चोरीत एकाचे जाते आणि एकाला मिळते. येथे प्रत्येकाने थोडेसे घेतले आणि गेले ते सगळ्यांचे. २००० सालच्या सुमारास महानगरपालिकेने ‘ऑपरेशन पिंक’ या नावाने मोठी मोहीम काढून हे बरामदे मोकळे केले. जुन्या लोकांकडून ऐकले आहे की काही दिवस बाजार ओळखू येत नव्हता. पण मोहीम ही मोहीम असते. ती येते आणि जाते. गठ्ठे कोठे जात नाहीत, ते दुकानाच्या आत वाट पाहत असतात.

यावर उपाय कायद्याचाच, असे आपण कारकून मंडळी चटकन म्हणू. सर्वांना एकदम आत घ्यावयास लावले म्हणजे कोणा एकाचे नुकसान होत नाही, आणि एकट्याच्या चांगुलपणावर भार पडत नाही. हे बरोबर आहे. नियमाचे खरे काम चांगल्या माणसाला चांगुलपणाचा दंड होऊ न देणे हेच आहे. परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. नियम करणारा आणि राबविणारा रोज प्रत्येक खांबापाशी उभा राहू शकत नाही. जेथे दुकानदाराचे स्वतःचे मन पहाऱ्यावर नाही तेथे पहारेकरी किती पुरणार? आणि “मी एकट्याने काय होणार” हे वाक्य जर सगळ्यांनीच म्हटले, तर नियम आणण्यासाठी पहिला आवाज तरी कोणी उठवावयाचा?

येथे एक फरक न केल्यास आमच्या हातून अन्याय होईल. बरामद्यात आणि चौपडीच्या कडेला बांगड्या, रुमाल, गजरे घेऊन बसणारी जी गरीब माणसे आहेत तीही वाट अडवितातच. परंतु ज्याच्यामागे दुकान आहे त्याने आणखी चार हात पुढे सरकणे आणि ज्याला मागे भिंतच नाही त्याने दोन हात जागेवर पोट मांडणे, ही एक गोष्ट नव्हे. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केंद्राने केला त्यामागे हीच जाणीव आहे. त्यांच्यासाठी जागा नेमून देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. त्यांना हाकलून लावून ती जागा पुन्हा गठ्ठ्यांनी भरणे ही तर निव्वळ लबाडी. एकाने घेतले ते हव्यासासाठी, दुसऱ्याने घेतले ते भुकेसाठी. चालणाऱ्याची अडचण दोहोंत सारखी असली तरी न्यायाच्या तराजूत दोन्ही पारडी सारखी होत नाहीत.

आता तिसरी गोष्ट. ती त्या वृद्धांनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत मृदू स्वरात सांगितली. “आप तो, बाबूजी, दो-तीन साल में चले जाएँगे. हमें तो यहीं जीना है, यहीं मरना है.”

या वाक्याने आम्ही निरुत्तर झालो. त्यात असभ्य काही नव्हते. पण त्याचा अर्थ स्पष्ट होता. तुम्ही येथले नव्हे. या बाजाराविषयी बोलण्याचा तुमचा अधिकार कोणता? वाचकहो, हा प्रश्न आपणां सर्वांचाच आहे. ज्याचा शिधापत्रिकेवरचा पत्ता दर चार वर्षांनी बदलतो, त्याचे त्या त्या गावाशी नाते कोणते? पाहुण्याचे? भाडेकरूचे? की कोणतेच नाही?

त्यातून जयपुराशी मराठी माणसाचे जे जुने नाते आहे ते सरळ नाही. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांनी युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला. हे सांगताना आपली छाती फुगते. पण त्याच शतकाच्या मध्यावर आपण येथे दुसऱ्याच रूपाने आलो. जयसिंह १७४३ साली निवर्तले. मुलांत गादीचा तंटा लागला आणि आपले सरदार त्यात उतरले. त्यांची निष्ठा ठरलेल्या रकमेशी होती. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज पैशासाठी चालून येत असता राजा ईश्वरीसिंहाने विष घेऊन प्राण दिला. त्रिपोलिया बाजारात उभे राहिले की जो ईसरलाट मनोरा दिसतो तो त्याच राजाने १७४९ साली बांधलेला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, तटाबाहेर तळ देऊन असलेले मराठे शहर पाहावयास आत शिरले असता लोक त्यांच्यावर उठले, वेशीचे दरवाजे लागले आणि मोठी कत्तल झाली. आपल्याच माणसांच्या रक्ताची आठवण आहे, म्हणून ती आम्हांस कडू लागते. पण मेलेली माणसे आपली होती एवढ्यावरून ती या गावास काय देणे लागत होती हा प्रश्न पुसला जात नाही. ज्यांना येथे राहावयाचे नव्हते, ते येथून केवळ नेण्यासाठी आले होते.

म्हणजे परका माणूस दोन तऱ्हांनी येऊ शकतो. विद्याधरांचे घराणे बंगालचे, मिर्झा इस्माईल म्हैसूरचे, जगन्नाथ पंडित आपल्याकडचे. यांनी या गावास काही दिले. दुसरी तऱ्हा वसुलीची. “मी येथला नव्हे” हे वाक्य दोघांच्याही तोंडी शोभेल. पण त्यातून एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्याच्या अगदी उलट होता.

हे सर्व विचार त्या दिवशी रात्री आम्ही मोठ्या तावातावाने सौभाग्यवतींना ऐकविले. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, “आणि आपल्या गॅलरीचे काय?”

आमचे सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढून आले की दोन बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी लागते. येथे आलो तेव्हा सामान फार, खोल्या दोन. म्हणून न उघडलेली एक ट्रंक आम्ही “तात्पुरती” गॅलरीत ठेवली. ट्रंकेवर जोड्यांचे खोके आले. शेजारी मुलाची सायकल आली. पावसाळ्यात कपडे वाळविण्याचा घोडा आला. शेजारच्या बिऱ्हाडातील मंडळी सोशिक. त्यांनी कधी शब्द काढला नाही. त्यांच्याकडे त्यांचे वृद्ध वडील राहतात. एके रात्री वीज गेली असता ते काठी टेकीत बाहेर आले आणि ट्रंकेच्या कोपऱ्यावर आपटून त्यांच्या नडगीचे सालटे निघाले. आम्ही धावलो, हळद लावली, क्षमा मागितली. ते म्हणाले, “कोई बात नहीं.” आणि दुसऱ्या दिवसापासून ते हातात टॉर्च घेऊन बाहेर पडू लागले. आम्ही ते रोज पाहत होतो. ट्रंक मात्र हलली नव्हती.

का हलली नव्हती? आमच्या मनात उत्तर तयार होते : घर सरकारी, गॅलरी सरकारी, आणि आम्ही तर दोन-तीन वर्षांत जाणार. येथे व्यवस्था कशाला लावीत बसा? म्हणजे त्या वृद्ध दुकानदारांनी जे वाक्य आमच्याविरुद्ध वापरले होते, तेच आम्ही आमच्या बाजूने केव्हाच वापरून बसलो होतो. ते म्हणत होते, मी येथे तीन पिढ्यांचा, म्हणून ही ओसरी माझी. आम्ही म्हणत होतो, मी येथे तीन वर्षांचा, म्हणून या ओसरीची काळजी माझी नव्हे. त्यांचे कारण मालकीचे, आमचे परकेपणाचे. कारणे अगदी परस्परविरुद्ध; पण अंधारात चाचपडत येणाऱ्या माणसाच्या नडगीला त्यातील भेद कसा कळावा?

तेव्हापासून आम्हांस असे वाटू लागले आहे की बरामदा कोणाचा हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाने विचारीत असतो. तो राजाचा की पालिकेचा, दुकानदाराचा की गावकऱ्याचा, जुन्याचा की नव्याचा, असे आपण विचारतो आणि प्रत्येक उत्तरात कोणी तरी मालक निघतो. वस्तुतः तो ज्याच्यासाठी बांधला त्याला मालकी कधीच नको होती. त्याला फक्त या टोकाकडून त्या टोकाकडे जावयाचे होते. तो आज येईल, उद्या येणार नाही. तो गठ्ठ्यापाशी थांबून भांडणार नाही, खाली उतरेल आणि पुढे जाईल. जो भांडत नाही त्याचा हक्क सांभाळावयाचा तो त्या ठिकाणी जे त्या वेळी उभे असतील त्यांनी. मग ते तीन पिढ्यांपासून उभे असोत वा तीन महिन्यांपासून. आणि आपण बदलीवाले तर आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या बरामद्यातून चालणारेच आहोत. ज्या ज्या गावी आपल्याला मोकळी वाट मिळाली, ती कोणी तरी आपल्यासाठी, आपले नावही ठाऊक नसता, मोकळी ठेवली होती. ते ऋण त्या माणसास फेडता येत नाही. पुढे येणाऱ्यासच फेडावे लागते.

आम्ही त्यानंतर ट्रंक आत घेतली. ती आता पलंगाखाली बसत नाही म्हणून पलंग विटांवर चढविला आहे. सायकल रोज जिन्याने खाली जाते, मुलगा कुरकुरतो. हा काही पराक्रम नव्हे आणि त्यामुळे जोहरी बाजारातला एकही गठ्ठा हललेला नाही. त्या दुकानी आम्ही पुन्हा गेलो होतो. वृद्ध गृहस्थांनी ओळखले, आईची चौकशी केली. गठ्ठे होते तेथेच होते. आम्ही ट्रंकेची हकिगत त्यांना सांगितली. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत, मग गठ्ठ्यांकडे पाहून म्हणाले, “पूरी लाइन हटे, तो मैं सबसे पहले हटाऊँगा.” आम्ही म्हणालो, ही गोष्ट शेजारच्या दुकानदारास सांगून पाहाल का? ते हसले. सांगितले की नाही, आम्हांस ठाऊक नाही.

क्वार्टर ताब्यात घेताना एका छापील यादीवर सही करावी लागते. पंखे किती, नळ किती, खिडक्यांच्या कड्या किती, सारे त्या यादीत असते आणि सोडताना ते तसेच परत करावे लागते. आम्ही ती यादी परवा काढून पाहिली. गॅलरीचा उल्लेख तीत नाही. शेजारचे आजोबा मात्र अजून टॉर्च घेऊनच बाहेर येतात. वाट मोकळी झाल्याला महिने लोटले, तरी त्यांचा तिच्यावर विश्वास बसावयास वेळ लागत आहे.